कामावर नवीन आहात? आधी विचारा, मग हात लावा

कॅनडातल्या टोरंटो शहरात इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थ नावाची संशोधन संस्था आहे. कामावरच्या दुखापतींच्या नोंदी तपासताना तिथल्या संशोधकांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. रुजू होऊन महिनाही न झालेल्या माणसाला घरी बसावं लागेल अशी दुखापत होण्याचा धोका, त्याच कामावर वर्षाहून जास्त काळ असलेल्या माणसाच्या तिपटीहून अधिक असतो. वय विशीतलं असो की पन्नाशीतलं, काम नवं असलं की धोका वाढतो.

याचं कारण समजणं कठीण नाही. यंत्राचा रोजचा आवाज कोणता आणि बिघाडाचा कोणता, हे नव्या माणसाला ओळखता येत नाही. कोणती फरशी ओली झाली की निसरडी होते, कोणत्या वळणावर फोर्कलिफ्ट अचानक समोर येते, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं नसतं. त्यात विचारायचा संकोच. ‘एवढंही येत नाही का?’ असं कुणी म्हणेल म्हणून तो अंदाजानेच पुढे जातो, आणि माझ्या मते बाकी सगळ्या धोक्यांपेक्षा हा अंदाज जास्त घातक आहे.

पुढच्या पायऱ्या साधारण त्याच क्रमाने दिल्या आहेत ज्या क्रमाने त्या नव्या माणसासमोर येतात. तुमचं काम यंत्रावरचं असेल, बांधकामावरचं, गोदामातलं, प्रयोगशाळेतलं किंवा टेबलावरचं. जो भाग तुम्हाला लागू नाही तो सोडून द्या. पहिल्या दोन पायऱ्या मात्र कुणीच सोडू नका.

पायरी १: कामाला लागण्याआधी जागा पायाखालून घाला

पहिल्या दिवशी कुणीतरी घाईघाईत जागा दाखवतं आणि ‘बाकी कळेलच हळूहळू’ म्हणतं. तेवढ्यावर थांबू नका. तुमच्या कामाच्या जागेपासून बाहेर पडायचे दोन वेगवेगळे रस्ते स्वतः चालून पाहा. दार ढकलून पाहा. ते बाहेरच्या बाजूला उघडतं का, समोर खोके तर रचलेले नाहीत ना, कुलूप तर नाही ना, हे बघा. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली, त्यात १४६ कामगार गेले. बाहेर पडायच्या वाटेवरचं एक दार कुलूपबंद होतं. बाहेर पडायचं दार अडलेलं दिसलं तर त्याच दिवशी सांगा. ते ‘नेहमीच तसं असतं’ हे उत्तर स्वीकारू नका.

त्याच फेरीत आणखी काही गोष्टी डोळ्यांखालून घाला: आगीचा भोंगा कसा वाजतो, भोंगा झाल्यावर सगळे कुठे जमतात, प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कुणाला आहे, अग्निशामक कुठे टांगलेत, डोळे धुवायची सोय कुठे आहे. तुमच्या यंत्राचं तातडीने बंद करायचं लाल बटण मान न वळवता हाताला सापडलं पाहिजे. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. या जागेचा पूर्ण पत्ता आणि आत यायचं नेमकं फाटक लिहून ठेवा. रुग्णवाहिका बोलावताना फोनवर तोच पहिला प्रश्न असतो आणि गडबडीत पत्ता आठवत नाही.

पायरी २: कामाची लेखी पद्धत मागा, वाचा आणि उलट सांगून दाखवा

बहुतेक ठिकाणी प्रत्येक जोखमीच्या कामाची लेखी पद्धत असते. लोक तिला एसओपी म्हणतात. ती मागून घ्या. तुम्हाला नीट न येणाऱ्या भाषेत ती असेल तर आपल्या भाषेत समजावून मागा. त्यात कमीपणा काही नाही. अर्धवट समजलेली सूचना न समजलेल्या सूचनेपेक्षा वाईट, कारण आपल्याला समजलंय या भरवशावर माणूस पुढे जातो.

वाचून झाल्यावर जाणत्या माणसाला तेच काम करताना पाहा. मग त्याला आपल्या शब्दांत सांगून दाखवा: आधी हे करणार, मग ते, आणि अमुक झालं तर थांबणार. चूक असेल तर ती इथेच सापडते, हात यंत्रात जाण्याआधी. त्यानंतर त्याच्या देखत स्वतः करा. एकट्याने करायची वेळ त्यानंतरची.

विचारायचे प्रश्न मी असे ठेवीन. या कामात आजवर कुणाला काय लागलंय? हे चालू असताना मध्येच थांबवायचं झालं तर कसं? यातलं काय बिघडू शकतं, आणि बिघडतंय हे आधी कशावरून कळतं? मला परवानगीशिवाय काय करायचं नाही? शेवटचा प्रश्न विसरू नका. वेल्डिंग आणि इतर ठिणग्यांची कामं, उंचीवरची कामं, बंद टाकीत उतरणं, चालू वीजवाहिनीजवळचं काम यांना बऱ्याच ठिकाणी लेखी परमिट लागतं. परमिटवर सही करण्याआधी त्यात लिहिलेली प्रत्येक अट जागेवर जाऊन पाहायची असते.

कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरंच, असं तुम्हाला नक्की आढळेल. जुना माणूस एखादी पायरी गाळतो आणि त्याला काहीच झालेलं नसतं. अशा वेळी गुपचूप त्याचं अनुकरण करू नका आणि त्याच्याशी वादही घालू नका. सुपरवायझरला विचारा की यातली कोणती पद्धत पाळायची. कधी कधी कागदच जुना झालेला असतो आणि बदलायला हवा असतो. तो बदल लिहूनच व्हायला हवा.

पायरी ३: संरक्षण कशाकशाने मिळतं, त्याचा क्रम ओळखा

सुरक्षितता म्हटलं की हेल्मेट, बूट, हातमोजे डोळ्यांसमोर येतात. जगभर मान्य असलेल्या क्रमात ते शेवटच्या पायरीवर आहेत. सगळ्यात वर असतं धोकाच काढून टाकणं. ते जमलं नाही तर घातक वस्तूच्या जागी कमी घातक वस्तू. मग यंत्राला गार्ड म्हणजे संरक्षक झाकण, धूळ ओढून घेणारा पंखा, आवाज अडवणारं कवच अशी बांधीव व्यवस्था. त्यानंतर पाळ्या, नियम, प्रशिक्षण. आणि हे सगळं करून उरलेल्या धोक्यासाठी अंगावरची साधनं.

दगड किंवा काँक्रीट कापायचं काम घ्या. हव्या त्या मापाचा तुकडा आधीच कापून आणता आला तर धूळच नाही. कापावंच लागलं तर पात्यावर पाण्याची धार सोडली की धूळ हवेत उडायच्या आत बसते. तरीही उरलेल्या धुळीसाठी मास्क. फक्त मास्क देऊन कोरडं कापायला लावलं तर सगळा भार सर्वात कमकुवत कडीवर येतो. नव्या माणसाला वरच्या पायऱ्या स्वतः बदलता येत नाहीत हे खरं, पण ‘पाण्याची सोय आहे का?’ एवढं विचारता येतं, आणि पुष्कळदा सोय असते, फक्त जोडलेली नसते.

साधनांबद्दल दोन गोष्टी. ती मापाची हवीत: सैल गॉगलच्या कडेने कण आत जातो, मोठ्या हातमोज्यात बोटांची पकड सुटते. आणि ती त्या धोक्यासाठीची हवीत. एन-९५ मास्क हवेतल्या बारीक कणांपैकी निदान ९५ टक्के अडवतो, पण रंगाच्या किंवा सॉल्व्हंटच्या वाफेपुढे तो निरुपयोगी आहे. तिथे वाफ अडवणारी काडतुसं (फिल्टरच्या डब्या) लावलेला मास्क लागतो. दाढी असेल तर घट्ट बसणारा मास्कही कडेने गळतो. आणि दगड-काँक्रीट कापताना उडणारी सिलिकाची धूळ कापड बांधून अडत नाही.

पायरी ४: यंत्रात हात घालण्याआधी ते खरोखर मेलेलं आहे याची खात्री

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण इथे झालेली चूक सुधारायची संधी मिळत नाही.

अडकलेला माल काढणं, सफाई, पट्टा बदलणं, तेलपाणी, दुरुस्ती ही कामं यंत्र बंद असताना करायची. ‘बंद’ म्हणजे बटण दाबून थांबवलेलं नव्हे. पलीकडून कुणीतरी नकळत ते पुन्हा सुरू करू शकतं, सेन्सरने ते आपोआप सुरू होऊ शकतं, वीज गेली असेल तर परत येताच ते फिरू शकतं. म्हणून कुलूप आणि पाटीची पद्धत आली, कामगार तिला लोटो म्हणतात. तिचा क्रम असा.

जे यंत्र वापरतात त्या सगळ्यांना आधी सांगा. नेहमीच्या पद्धतीने यंत्र थांबवा. मग त्याला येणारी प्रत्येक ऊर्जा मुळापाशी तोडा. वीज ही त्यातली फक्त एक. दाबाची हवा, हायड्रॉलिक तेल, वाफ, गॅस, पाणी यांचे व्हॉल्व्हही असतात. प्रत्येक ठिकाणी आपलं कुलूप लावा आणि नाव, तारीख, काम लिहिलेली पाटी अडकवा. किल्ली स्वतःच्या खिशात. चार माणसं काम करत असतील तर चार कुलुपं. दुसऱ्याच्या कुलपाच्या भरवशावर हात घालायचा नाही. तो आपलं काम संपवून कुलूप काढून गेला तर तुमच्यासाठी यंत्र उघडं पडतं.

त्यानंतर येते ती साठलेली ऊर्जा. ताणलेली स्प्रिंग, वर उचलून ठेवलेला भाग, नळीत कोंडलेली हवा, कपॅसिटरमधला विजेचा साठा, अजून गरम असलेला पृष्ठभाग, गतीने फिरत राहिलेलं जड चाक. वीज तोडली तरी हे सगळं जागेवरच असतं. दाब सोडा, वर असलेला भाग खाली आणा किंवा ठोकळ्याने अडवा, चाक पूर्ण थांबू द्या.

आणि शेवटी तपासणी. सुरू करायचं बटण दाबून पाहा. यंत्र हललं नाही, मीटरने वीज शून्य दाखवली, गेजवर दाब शून्य दिसला, मगच काम. ही तपासणी लोक सर्वाधिक गाळतात. चुकीचा स्विच बंद झाला होता हे कळायची जागा मात्र हीच एक असते.

पाळी बदलताना अर्धवट काम दुसऱ्याच्या हाती देणं हा एक वेगळाच धोका आहे. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलफलाटावर तेच झालं. एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता. संध्याकाळच्या पाळीला हे ठाऊक नव्हतं. व्हॉल्व्हचं परमिट पंपाच्या परमिटसोबत नव्हतं. चालू पंप बंद पडला म्हणून त्यांनी हा पंप सुरू केला, वायू गळला, स्फोट झाला आणि १६७ माणसं गेली. न्यायाधीश लॉर्ड कलन यांच्या चौकशीने नंतर १०६ शिफारशी केल्या. तुमच्या पातळीवर यातून घ्यायचं ते इतकंच: पाळी सोडताना अर्धवट काम समोरासमोर उभं राहून, शक्यतो यंत्राजवळच सांगायचं आणि वहीत लिहायचं. पाळीवर येताना काय उघडं आहे, काय काढलेलं आहे, कशाला कुलूप आहे हे विचारायचं.

चालू यंत्राजवळचे नियम थोडक्यात. गार्ड काढून यंत्र चालवू नका. फिरत्या यंत्राजवळ, उदाहरणार्थ ड्रिल किंवा लेथवर, हातमोजे घालू नका. ते अडकले की बोटांसकट ओढले जातात. अंगठी, साखळी, लोंबणारी बाही, मोकळे केस यांचंही तसंच. ग्राइंडरला चाक लावताना चाकावर लिहिलेली कमाल गती यंत्राच्या गतीपेक्षा कमी नसावी, नाहीतर चाक फुटून उडू शकतं. कपड्यांवरची धूळ दाबाच्या हवेने उडवू नका. कण डोळ्यांत जातात आणि हवा जखमेतून त्वचेखाली शिरू शकते.

पायरी ५: बाटलीवरचं लेबल आणि बंद जागेतली हवा

रसायनांच्या डब्यांवर लाल चौकटीतलं चौकोनी चिन्ह दिसेल. ही जगभर एकसारखी पद्धत आहे आणि तिच्यात नऊ चिन्हं आहेत. ज्वाला म्हणजे पेट घेणारं, कवटी म्हणजे थोड्या प्रमाणातही घातक विष, हातावर आणि धातूवर पडणारा द्रव म्हणजे जाळणारं. छातीवर चांदणीसारखं चिन्ह असलेली मानवी आकृती लोकांना कळत नाही, आणि तिचा अर्थ सगळ्यात गंभीर असू शकतो: कर्करोग, श्वसनाची अॅलर्जी, अवयवांना दीर्घकाळ इजा.

प्रत्येक रसायनासोबत १६ भागांचं सुरक्षा माहितीपत्रक असतं. सगळं पाठ करायची गरज नाही. दुसऱ्या भागात धोके, चौथ्यात प्रथमोपचार, सातव्यात हाताळणी आणि साठवण, आठव्यात कोणती साधनं घालायची हे असतं. एवढे चार वाचून काम सुरू करा.

लेबल नसलेली बाटली वापरू नका, आणि पाण्याच्या बाटलीत रसायन ओतून ठेवू नका. कुणीतरी ते पितं. दोन सफाई द्रव्यं एकत्र करू नका. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले तरी विषारी वायू तयार होतात. आम्ल पातळ करताना आम्ल पाण्यात हळूहळू घाला. पाणी आम्लात ओतलं तर ते उकळून अंगावर उडतं. डोळ्यांत काही उडालं तर पापण्या उघड्या धरून निदान १५ मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा. डॉक्टरांकडे जायची घाई करून धुणं अर्ध्यावर सोडू नका. जाताना डबा किंवा लेबलचा फोटो सोबत न्या.

टाकी, मॅनहोल, विहीर, सायलो, खोल खड्डा यांत परमिटशिवाय उतरू नका. साध्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो. तो १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की हवा धोकादायक धरली जाते, आणि तुम्हाला वासावरून काहीच कळत नाही. सांडपाण्याच्या जागी सापडणारा हायड्रोजन सल्फाइड सुरुवातीला सडक्या अंड्यांसारखा वास देतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे वायू गेला असं अजिबात धरू नका. आत जाण्याआधी यंत्राने हवा तपासलेली हवी, तीही वर, मध्ये आणि तळाशी. बाहेर एक माणूस सतत उभा हवा. आतला माणूस कोसळला तर त्याच्या मागे उतरू नका. अशा घटनांत वाचवायला गेलेलेही मोठ्या संख्येने मरतात. भोंगा करा आणि श्वसनयंत्र असलेल्या पथकाला बोलवा. हे पाळणं फार कठीण जातं, कारण समोर आपला माणूस असतो. म्हणूनच हा निर्णय आधीच मनाशी करून ठेवावा लागतो.

पायरी ६: पडणं आणि घसरणं

शिडी भिंतीला टेकवताना दर चार फूट उंचीला पायथा भिंतीपासून एक फूट लांब असावा. वरच्या मजल्यावर उतरायचं असेल तर शिडी कठड्याच्या सुमारे एक मीटर वर यावी. चढताना दोन पाय एक हात किंवा दोन हात एक पाय असे तीन आधार कायम. म्हणजे हातात सामान घेऊन चढायचं नाही, ते पट्ट्याला अडकवा किंवा दोरीने ओढा. सेफ्टी बेल्ट घातला पण कशाला अडकवलाच नाही, असं दृश्य दुर्दैवाने फार दिसतं. अडकवायची जागा भक्कम आणि डोक्यापेक्षा वर हवी.

खाली सांडलेलं तेल पुसायचं काम ‘ज्याने सांडलं त्याचं’ नसतं. दिसलं त्याने तिथे उभं राहून इतरांना सावध करायचं आणि पुसायला कुणाला तरी बोलवायचं.

पायरी ७: हळूहळू होणारी इजा

अपघात दिसतो. आवाज, धूळ, उष्णता, कंपन यांची इजा दिसत नाही आणि नव्या माणसाला तर ती खरीच वाटत नाही.

आवाजाचं माप असं धरलं जातं: दिवसाचे आठ तास ८५ डेसिबल ही मर्यादा. त्यापुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एकच. मीटर नसला तरी अंदाज घेता येतो. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल तर तुम्ही या मर्यादेच्या आसपास आहात. कानात फोमचे बोळे घालायची रीत शिकून घ्या: बोटांनी बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सारून तो फुगेपर्यंत धरायचा. बाहेर अर्धा लोंबणारा बोळा फारसं काही अडवत नाही. आवाजाने मेलेल्या कानाच्या पेशी परत येत नाहीत.

सिलिकाच्या धुळीचा जो कण फुफ्फुसात खोलवर जातो तो डोळ्यांना दिसतच नाही. तिच्यामुळे फुफ्फुसांना होणारा सिलिकोसिस हा आजार बरा होत नाही. जागा कोरड्या झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा किंवा योग्य फिल्टरचा व्हॅक्यूम वापरा. कामाचे कपडे घरी नेऊन घरच्यांच्या कपड्यांसोबत धुऊ नका.

उन्हात किंवा भट्टीजवळ काम असेल तर पहिला आठवडा फार जपा. शरीराला उष्णतेची सवय व्हायला ७ ते १४ दिवस लागतात. अमेरिकेतल्या व्यावसायिक सुरक्षा संस्थांचा नव्या कामगारांसाठीचा सल्ला असा की पहिल्या दिवशी उष्णतेतलं काम पूर्ण वेळेच्या २० टक्केच ठेवावं आणि रोज २० टक्क्यांनी वाढवावं. तहान लागायची वाट न पाहता दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर पाणी प्या, मात्र तासाला साधारण १.४ लिटरच्या पुढे जाऊ नका. सोबती बरळायला लागला, गोंधळला, नीट चालेना, तर तो उष्माघात समजा. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत सावलीत नेऊन अंगावर थंड पाणी ओतत राहा, वारा घाला. थोडं बसू द्या, बरं वाटेल, असं म्हणत वेळ घालवू नका.

पायरी ८: पाठ, मान, डोळे

वजन उचलण्याचा सगळ्यांना चालेल असा एकच आकडा नाही. अमेरिकेची नियॉश ही संस्था आदर्श परिस्थितीत २३ किलो धरते, आणि आदर्श म्हणजे वजन अंगालगत, कमरेच्या आसपासच्या उंचीवर, न वळता, अधूनमधूनच. वजन लांब गेलं, जमिनीवरून उचलावं लागलं किंवा वारंवार उचललं की हा आकडा झपाट्याने खाली येतो. आधी ढकलगाडी शोधा. उचलायचंच असेल तर वाट मोकळी करून घ्या, पाय फाकवा, गुडघ्यांत वाका, वजन पोटाशी धरा आणि दिशा बदलताना कंबर न पिळता पावलं टाका. वाकणं आणि पिळणं एकाच वेळी केलं तर पाठीवर सर्वाधिक ताण येतो.

बसून काम करणाऱ्यांनी स्क्रीन हातभर लांब आणि तिची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली ठेवावी. कोपर काटकोनात, पाय जमिनीवर किंवा पाटावर. दर २० मिनिटांनी सुमारे सहा मीटर लांब २० सेकंद पाहा. पण उत्तम खुर्चीसुद्धा तासनतास एकाच स्थितीत बसण्यावरचा उपाय नाही. फोन आला की उठा, पाणी आणायला स्वतः जा. बोटांना रात्री मुंग्या येत असतील, पकड सैल होत असेल तर ते ‘काम करून दमलो’ म्हणून सोडू नका. लवकर सांगितलं तर पद्धत बदलून थांबवता येतं.

पायरी ९: झोप आणि मन

सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची चपळाई रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, असं १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी दाखवलं. रात्रपाळी संपवून गाडी चालवत घरी जाताना हे आठवा. डबल पाळीला ‘हो’ म्हणण्याआधीही.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. सततचा अपमान, ओरडा, छळ हेही कामाच्या जागेचेच धोके आहेत. ते तारीख-वेळेसह लिहून ठेवा, विश्वासाच्या माणसाला सांगा, तक्रारीची जी व्यवस्था असेल ती वापरा. झोप उडाली, कामाच्या विचारानेच धडधड होते, असं आठवड्यानुआठवडे चाललं तर डॉक्टरांना भेटा.

पायरी १०: काही घडलं तर, आणि घडता घडता राहिलं तर

छोटी आग दिसली तर आधी भोंगा, मग अग्निशामक. तो काही सेकंदच चालतो. बाहेर पडायची वाट पाठीशी ठेवा, पिन ओढा, नळी ज्वालेच्या बुडाशी रोखा, दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवा. आग कचऱ्याच्या डब्यापेक्षा मोठी वाटली तर सोडा आणि निघा. तेलाच्या किंवा विजेच्या आगीवर पाणी नको. विजेचा धक्का बसून चिकटलेल्या माणसाला हात लावू नका, आधी मेन स्विच पाडा. भाजल्यावर २० मिनिटं वाहतं थंड पाणी. बर्फ, तेल, पेस्ट काही नको.

डोक्याजवळून पाना पडला, पाय घसरला पण सावरलो, गार्ड सैल होता पण लागलं नाही. लोक हसून सोडून देतात. अशी प्रत्येक घटना त्याच दिवशी कळवा. तोच पाना पुढच्या वेळी कुणाच्या तरी डोक्यावर पडेल. कळवताना कुणाची चूक हे लिहायची गरज नसते. काय झालं, कुठे, केव्हा, आणि त्या जागी आत्ता काय स्थिती आहे, एवढं पुरे.

आणि जिवावर बेतेल असं काम सांगितलं तर? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८१ चा १५५ क्रमांकाचा करार म्हणतो की जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा आणि गंभीर धोका आहे असं मानायला रास्त कारण असेल आणि कामगार तिथून बाजूला झाला, तर त्याला त्याबद्दल अन्याय्य परिणाम भोगावे लागू नयेत. २०२२ मध्ये याच संघटनेने सुरक्षित आणि निरोगी कामाची जागा मूलभूत हक्कांमध्ये समाविष्ट केली. तुमच्या देशातल्या कायद्यात याची नेमकी तरतूद काय आहे ते तुमच्या कामाच्या ठिकाणच्या युनियनला किंवा सुरक्षा अधिकाऱ्याला विचारून घ्या. प्रत्यक्ष बोलताना ‘मी करणार नाही’ म्हणण्यापेक्षा ‘वीज तोडून कुलूप लावलं की लगेच सुरू करतो’ असं म्हणा. धोका कोणता आणि काय केलं तर काम होईल, हे दोन्ही त्यात आलं. समोरच्याला हो म्हणायला वाट मिळते. तरीही जबरदस्ती झाली तर बाजूला व्हा आणि वरच्या माणसाला कळवा.

पायरी ११: स्वतःची एक वही ठेवा

रोज लिहायची गरज नाही. कुठे काम केलं, केव्हापासून केव्हापर्यंत, कोणती रसायनं, कसली धूळ, किती आवाज, काय लागलं, कोणतं प्रशिक्षण झालं, रुजू होताना श्रवण आणि फुफ्फुसांची तपासणी झाली असेल तर तिची प्रत. पहिल्या तपासणीची प्रत जपून ठेवा, कारण पुढे काही बिघडलं तर तुलना तिच्याशीच होणार.

अॅस्बेस्टॉसमुळे होणारा कर्करोग २० ते ४० वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा डोकं वर काढतो. तोवर कंपनी बदललेली असते, सोबती पांगलेले असतात. काही आजार मात्र लवकर खूण देतात: कामाच्या दिवशी खोकला, छातीत घरघर किंवा हातांवर पुरळ, आणि सुट्टीत आराम. असं दिसलं तर कोणत्या दिवशी जास्त, कोणत्या दिवशी कमी, हे तारखांसह वहीत टिपा. १७०० साली इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामात्सिनी यांनी डॉक्टरांना सांगितलं होतं की रोग्याला तो काय काम करतो हे जरूर विचारा. आजही घाईच्या तपासणीत हा प्रश्न राहून जातो. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा, आणि ही वही त्यांच्यासमोर ठेवा.